बोस्नियन शिपायांना 'जन्मजात लढवय्ये' म्हणून मोकळं होऊ नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत पहिल्या महायुद्धावर जी लेखमाला चालू आहे ती मी न चुकता वाचतो, आणि एवढ्या लांबच्या विषयाला मराठी पेपरात पान पान जागा देता त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. पण मागच्या भागातली ती चौकट काही पटली नाही. फेज, म्हणजे गोंड्याची तुर्की टोपी, घातलेल्या शिपायांचा फोटो, खाली ओळ "ऑस्ट्रियाच्या बादशहाचे तुर्की योद्धे", आणि मजकूर असा की बोस्नियातले हे मुसलमान जन्मजात लढवय्ये, भीती कशाशी खातात ते त्यांना माहीत नाही, त्यांना बघितलं की इटालियन खंदक सोडून पळायचे वगैरे वगैरे. चार ओळीत तीन गडबडी. एक तर ते तुर्की नव्हते, दुसरं म्हणजे सगळे मुसलमानही नव्हते, आणि जन्मजात लढवय्ये हा प्रकार मला तरी कुठल्याच माणसांच्या बाबतीत पटत नाही, इंग्रजांनी इथे 'लढाऊ जमातीं'च्या याद्या केल्या होत्या त्यातलाच हा व्हिएन्नाचा माल आहे.

तुर्कीचं आधी उरकतो. बोस्नियाचं राज्य १४६३ मध्ये सुलतान मेहमेद दुसरा याने घेतलं, त्यानंतरच्या शे-दीडशे वर्षांत तिथल्या बऱ्याच लोकांनी इस्लाम स्वीकारला, पण भाषा तीच राहिली, शेजारच्या ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक माणसाची जी स्लाव्ह भाषा तीच यांची. घराण्याचं उदाहरण घ्या, विशेग्राडजवळच्या सोकोलोविची गावातला एक ऑर्थोडॉक्स मुलगा देवशिर्मेत, म्हणजे ख्रिश्चन घरांतली मुलं उचलून सुलतानाच्या चाकरीत घ्यायची जी पद्धत होती तिच्यात गेला, तो पुढे सोकोल्लू मेहमेद पाशा झाला, १५६५ पासून १५७९ मध्ये त्याचा खून होईपर्यंत तीन सुलतानांचा वजीर-ए-आझम, म्हणजे मुख्य वजीर. आणि त्याचाच नातेवाईक मकारिये सोकोलोविच १५५७ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या पेचच्या सर्बियन चर्चचा प्रमुख धर्मगुरू. एकाच घरातले दोघे, एक इस्तंबूलच्या दरबारात, एक चर्चमध्ये. आता यातला तुर्की कोण ते तुम्हीच ठरवा.

देवशिर्मे नियमाप्रमाणे फक्त ख्रिश्चन मुलांची, पण बोस्नियाला अपवाद होता, तिथल्या मुसलमान घरांतली मुलंही घ्यायचे, कारण जॅनिसरी, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळातला शिपाई, होणं म्हणजे मोठ्या नोकरीचा दरवाजा. म्हणजे सुरुवातीपासूनच हा मामला रक्तातल्या शौर्याचा कमी आणि करिअरचा जास्त आहे. त्यात बोस्निया हा सुलतानाच्या राज्याचा सरहद्दीचा प्रांत, पलीकडे एका बाजूला हाब्सबुर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाचं राजघराणं, दुसऱ्या बाजूला व्हेनिस, त्यामुळे पिढ्यानपिढ्या किल्ले सांभाळणारे कपेतान, त्यांचे शिपाई, घराघरात हत्यार. सरहद्दीवर राहणाऱ्याला लढता यावंच लागतं, त्यात जात-धर्म काही नाही, पलीकडच्या ऑस्ट्रियन सरहद्दीवरचे सर्ब आणि क्रोएट शेतकरीसुद्धा असेच अर्धे शेतकरी अर्धे शिपाई होते आणि त्यांचंही युरोपात असंच नाव, किंवा बदनामी म्हणा, झालेली होती.

१७३७ ची बान्या लुकाची लढाई यासाठी बघण्यासारखी आहे. सुलतानाची मुख्य फौज रशियाच्या आघाडीवर अडकलेली, बोस्नियातले कितीतरी अनुभवी सैनिक तिकडे किंवा त्याआधीच्या इराणच्या मोहिमेत गेले ते परत आलेच नव्हते, आणि अशा वेळी ऑस्ट्रियाची फौज आत घुसली. त्यांना वाटलं रिकामं घर आहे. तर वली, म्हणजे सुलतानाचा सुभेदार, हेकिमोग्लू अली पाशाने गावागावातून मिळतील ती माणसं गोळा केली आणि ४ ऑगस्टला व्रबास नदीकाठी ऑस्ट्रियनांना असा मार दिला की बोस्नियात ती लढाई पुढे दीडशे वर्षं विसरली गेली नाही. व्हिएन्नाच्या डोक्यात बोस्नियन म्हणजे डेंजर माणूस हे बसलं त्यात या लढाईचा वाटा नक्की असणार.

पण हेच 'सुलतानाचे निष्ठावंत' सुलतानाविरुद्ध पण उठलेत हे विसरायचं नाही. १८२६ मध्ये महमूद दुसऱ्याने जॅनिसरी मोडीत काढले तेव्हा सारायेव्होत मोठा विरोध झाला आणि १८३१ मध्ये ग्राडाचाचचा कपेतान हुसेन ग्राडाश्चेविच, ज्याला तिकडे बोस्नियाचा ड्रॅगन म्हणतात, तो फौज घेऊन थेट कोसोवोपर्यंत गेला आणि तिथे खुद्द वजीर-ए-आझमच्या फौजेला हरवून आला, मागणी काय तर बोस्नियाचा कारभार बोस्नियाच्या माणसाकडे द्या. पुढच्याच वर्षी त्याचा पराभव झाला आणि १८३४ मध्ये इस्तंबूलमध्ये तो वारला, तेव्हा त्याने वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. निष्ठा, निष्ठा म्हणतात ती अशी होती, जोपर्यंत आपल्या गावाचं जमतंय तोपर्यंत.

आता एक गंमत सांगतो, ती तुमच्या लेखात नाहीये. फ्रेडरिक द ग्रेटच्या प्रशियन आर्मीत 'बोस्नियाकेन' नावाचे भालेवाले घोडेस्वार होते. १७४५ मध्ये सॅक्सनीच्या चाकरीसाठी जमवलेली एक छोटी तुकडी प्रशियाकडे आली तिथून ही सुरुवात, काळ्या हुसारांच्या, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, रेजिमेंटला त्यांना जोडलं होतं, आणि सप्तवार्षिक युद्धात वाढत वाढत ते दहा स्क्वाड्रनपर्यंत गेले. पण एवढी बोस्नियन माणसं प्रशियात येणार कुठून? भरती केली ती पोलिश, लिथुआनियन, तातार, जो घोड्यावर बसून भाला चालवेल तो. नाव मात्र बोस्नियाकेन, पेहराव तुर्की स्टाईलचा, लांब झगे, उंच टोप्या. डेन्मार्कनेसुद्धा नंतर आपल्या हुसारांत एक बोस्नियाक स्क्वाड्रन काढली. १८०० च्या सुमारास प्रशियाने ते नाव बदलून टाकलं आणि संपला विषय. म्हणजे अठराव्या शतकातच बोस्नियन हा ब्रँड झाला होता आणि त्या ब्रँडला बोस्नियन माणसांची फारशी गरजही उरली नव्हती. मला हा सगळ्यात बोलका किस्सा वाटतो, कारण पुढे दोनदा हेच झालं, माणसं वेगळी, कथा वेगळी.

बरं, १८७८. बर्लिन काँग्रेसच्या तहातलं २५ वं कलम, ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया-हर्झेगोव्हिना ताब्यात घ्यायचा आणि कारभार करायचा, नावाला मात्र सुलतानाचंच राज्य. व्हिएन्नात काही लोकांचा समज होता की बँड वाजवत जाऊ आणि येऊ. जुलैच्या शेवटी जनरल फिलिपोविच आत शिरला आणि पुढचे जवळपास तीन महिने त्याला लढावं लागलं, सारायेव्हो १९ ऑगस्टला पडलं ते घराघरातून गोळीबार होत असताना, खिडक्यांतून, दारांच्या फटीतून. ऑस्ट्रियाचे ९४६ ठार आणि ३,९८० जखमी हा त्या 'कारभार हाती घेण्या'चा खर्च, आणि फौज सुरुवातीला नेली त्याच्या कितीतरी पट वाढवावी लागली. विरोधात मुख्यतः मुसलमान, पण त्यांच्या बरोबरीने बरेच ऑर्थोडॉक्स सर्बही.

आणि आता मुद्द्याचं. तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १८८१ मध्ये, याच लोकांना ऑस्ट्रियाने सक्तीची लष्करी नोकरी लावली. जरा विचार करा, कागदोपत्री ते अजून सुलतानाची प्रजा, १८७९ च्या करारात ऑस्ट्रियाने स्वतः मान्य केलेलं की मशिदीत शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, सुलतानाचंच नाव घेतलं जाईल, आणि तोच माणूस आता शपथ घेणार ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ योझेफची. इस्तंबूलने निषेध केला, त्याला कोण विचारतं. जानेवारी १८८२ मध्ये हर्झेगोव्हिनात उठाव झाला, उलोग गावातलं लष्करी ठाणं उठाववाल्यांनी घेतलं, आणि नेते कोण तर एक मुसलमान साल्को फोर्ता आणि एक सर्ब स्तोयान कोवाचेविच. एरवी जमीनदार बेग आणि कुळं म्हणून ज्यांचं एकमेकांशी वाकडं होतं ते भरतीच्या विरोधात एकत्र आले. उठाव काही महिन्यांत मोडला, पुष्कळ मुसलमान कुटुंबं सामान बांधून तुर्कस्तानात निघून गेली, कारणं बरीच होती पण मुलाला परक्या बादशहाच्या फौजेत न्यायला नको हे त्यातलं एक मोठं. तर हे तुमचे जन्मजात लढवय्ये, ज्यांनी पहिली गोष्ट काय केली तर ती नोकरीच नको म्हणून बंड केलं. हे तुमच्या चौकटीत यायला हवं होतं, कारण याच्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

पुढचं म्हणजे काय, तर १८८२ मध्ये बेन्यामिन काल्लाय नावाचा हंगेरियन गृहस्थ बोस्नियाचा कारभारी झाला, पद त्याचं ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या सामायिक अर्थमंत्र्याचं, आणि १९०३ मध्ये मरेपर्यंत तोच राहिला. एकवीस वर्षं. माणूस हुशार, त्या लोकांची भाषा जाणणारा. भरती रद्द करणं शक्य नाही, मग ती गोड कशी करायची यावर भरपूर डोकं लावलं गेलं. मुसलमान शिपायांसाठी रेजिमेंटमध्ये इमाम, पगारी, युनिफॉर्ममध्ये. डुकराचं मांस आणि चरबी जेवणात नाही, स्वयंपाक वेगळा. नमाजाला वेळ, सणांना सुट्टी. आपल्याला हे वाचून वाटतं वा किती उदार, आणि त्या काळाच्या मानाने होतंच, १९१२ मध्ये ऑस्ट्रियाने इस्लामला कायद्याने मान्यताप्राप्त धर्म केलं त्याच्याही मागे हेच सगळं आहे. पण उदारपणाचं कारण प्रेम नव्हतं, १८८२ चा धसका होता असं माझं मत.

१८९४ मध्ये या तुकड्यांच्या चार इन्फंट्री रेजिमेंट्स झाल्या, एक नंबर सारायेव्होची, दोन बान्या लुकाची, तीन तुझ्लाची, चार मोस्तारची, आणि नंतर १९०३ मध्ये एक जेगर (हलक्या पायदळाची) बटालियन. त्यांना बोस्नियात न ठेवता व्हिएन्ना, ग्राट्स, बुडापेस्ट, त्रिएस्त अशा शहरांत ठेवलं, दिसायला शोभेसाठी, खरं कारण असं की बंडखोर मुलखातली पोरं त्यांच्या घरापासून लांब बरी. फिकट निळा कोट, गुडघ्याखाली घट्ट होणारी पूर्वेकडच्या पद्धतीची विजार, आणि डोक्यावर गोंड्याची लाल फेज. ही फेज सगळ्या शिपायांना, मग तो मुसलमान असो, ऑर्थोडॉक्स असो, कॅथलिक असो नाहीतर सारायेव्होतला ज्यू असो. इथे तुमच्या चौकटीची दुसरी गडबड आहे. १९१० च्या शिरगणतीत बोस्नियात ऑर्थोडॉक्स साधारण ४३ टक्के, मुसलमान ३२, कॅथलिक २३, आणि भरती सगळ्यांची, त्यामुळे या रेजिमेंट्समध्ये मुसलमान साधारण तिसरा हिस्सा. फोटोत फेज दिसली की मुसलमान असं धरून चालला तर दर तीनातले दोन वेळा तुम्ही चुकणार. व्हिएन्नाच्या लोकांचंही हेच झालं, पण त्यांना त्यात मजा वाटत होती, राजवाड्यावर बोस्नियन गार्ड बदलताना बघायला गर्दी व्हायची, आणि ग्राट्समध्ये तर एदुआर्द वाग्नेस या बँडमास्तरने १८९५ मध्ये 'बोस्नियाकेन आले' अशा अर्थाचा एक मार्चच बांधला, तो ऑस्ट्रियन बँड अजून वाजवतात.

(फेजवरून आठवलं, त्या काळी जगभरच्या फेजचा मोठा हिस्सा बनायचा तो ऑस्ट्रियाच्याच बोहेमियात, स्त्राकोनित्से गावातल्या कारखान्यांत. म्हणून १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया कायमचा गिळला तेव्हा इस्तंबूलच्या लोकांनी ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार टाकला आणि पहिली गेली ती डोक्यावरची फेज, लोक पांढऱ्या लोकरी टोप्या घालून फिरायला लागले. इकडे तीच फेज घालून बोस्नियन पोरगा बादशहाच्या दारात पहारा देतोय.)

आता शौर्य. ते खोटं होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, कुणी तसा अर्थ काढू नये. गॅलिशियात, म्हणजे आजच्या पोलंड-युक्रेनच्या भागात, रशियनांसमोर या रेजिमेंट्सनी १९१४ मध्येच प्रचंड माणसं गमावली आणि नंतर इटलीच्या आघाडीवर तर त्यांचं नाव झालं ते काही फुकट नाही. मोंते मेलेत्ताचं उदाहरण देतो. मे १९१६ च्या मध्यावर ऑस्ट्रियाने ट्रेंटिनोतून मोठा हल्ला सुरू केला, आसियागोचं पठार, तिथल्या कड्यांवर इटालियन घट्ट बसलेले. ७ जूनला दोन नंबर रेजिमेंटच्या शिपायांनी लेफ्टनंट कर्नल स्तेवो दुइचच्या हाताखाली मेलेत्ताचा माथा घेतला, वर चढत, उघड्यावरून, समोरून मशीनगन. ऑस्ट्रियन सैन्यात शिपायांसाठी शौर्याचं सगळ्यात मोठं जे गोल्ड मेडल होतं ते या एका रेजिमेंटकडे ४२ गेली, त्या अख्ख्या बहुभाषिक आर्मीत एवढी दुसऱ्या कुठल्या रेजिमेंटला नाहीत. ग्राट्समध्ये मेलेत्ताच्या दिवसाची आठवण अजून ठेवतात आणि तिथे या रेजिमेंटच्या नावाची गल्लीही आहे.

पण समोर कोण होतं हे बघा. त्याच जूनमध्ये त्याच कड्यांवर इटलीची सास्सारी ब्रिगेड लढत होती, बहुतेक सगळी सार्डिनिया बेटावरची माणसं, मेंढपाळ, डोंगरातले गरीब, आणि त्यांच्याबद्दल पण रोमच्या पेपरांत हेच छापून यायचं, रांगडे, निडर, सुऱ्याला सुरी भिडवणारे. दोन्हीकडे राजधानीपासून लांब असलेल्या गरीब डोंगराळ मुलखातली पोरं, दोन्हीकडे त्यांना सगळ्यात अवघड जागी पुढे घालणारे जनरल, आणि दोन्हीकडे नंतर त्यांच्या रक्ताचं कौतुक. ज्याला 'निडर' म्हणून ठरवलं त्याला पुढच्या हल्ल्यातही पहिल्या रांगेत घालायला सोपं जातं हे कुणी उघड बोलत नाही. नोव्हेंबर १९१७ च्या सुरुवातीला तालियामेंतो नदीवरचा कोर्निनोचा पूल ओलांडायचा होता, इटालियन मागे हटत होते आणि पलीकडच्या काठावरून मारा चालू होता, तिथेही पुढे घातली ती चार नंबर रेजिमेंटची बोस्नियन बटालियनच. पूल घेतला, हो, घेतलाच.

आणि पळणारे इटालियन वगैरे जे तुम्ही लिहिलंय, ते कृपा करून तपासा. सोचा नदीच्या आघाडीवर, इटालियन तिला इसोन्झो म्हणतात, जून १९१५ ते नोव्हेंबर १९१७ बारा लढाया झाल्या, पळणारे असते तर बारा झाल्या नसत्या.

त्या आघाडीवरची एक जागा मात्र लेखात हवीच होती. स्लोव्हेनियात वरच्या सोचा खोऱ्यात लोग पोद मंगार्तोम नावाचं गाव आहे, पाठीमागे डोंगर, समोरच्या बाजूला रोंबोन, ज्या शिखरावर चार नंबरवाले बोस्नियन महिनोन् महिने बर्फात बसले होते. हिमस्खलनात माणसं गेली, थंडीने गेली, गोळ्यांनी गेली. गावातल्या लष्करी कब्रस्तानात प्रागच्या लादिस्लाव कोफ्रानेक या शिल्पकाराचं स्मारक आहे, १९१७ चं, दोन शिपाई शेजारी शेजारी उभे, नजर रोंबोनकडे, एक साध्या लष्करी टोपीतला डोंगरी शिपाई आणि दुसरा फेजवाला बोस्नियन. त्यांच्यात कुणी मोठा कुणी छोटा नाही, कुणी तलवार उपसलेली नाही, कुणी गर्जना करत नाहीये. दमलेली माणसं वाटतात. तिथेच शिपायांनी स्वतः एक छोटी लाकडी मशीद बांधली होती, मिनारासकट, आल्प्सच्या पायथ्याशी, तिचे फोटो आहेत. युद्ध संपल्यावर ती टिकली नाही, आणि त्यानंतर स्लोव्हेनियात मिनाराची मशीद उभी राहायला २०२० उजाडलं, ल्युब्लियानामध्ये. दोन नंबरवाल्यांच्या कबरी ग्राट्सच्या दक्षिणेला लेब्रिंगला आहेत.

आता जी गोष्ट कुठल्याच मार्चमध्ये, कुठल्याच मेडलच्या यादीत सापडत नाही ती. रेजिमेंटमध्ये ऑर्थोडॉक्स सर्ब मुसलमानांपेक्षा कमी नव्हते हे वर लिहिलंच. तो सर्ब शिपाई डोक्यावर फेज घालून इटलीत बादशहासाठी मरत होता, आणि घरी काय चाललं होतं? २८ जून १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांडला मारल्यावर सरकारने सगळ्याच सर्बांवर संशय धरला. शुत्झकोर नावाची मदतनीस मिलिशिया काढली, त्यात मुसलमान आणि कॅथलिक जास्त, तिने सर्ब गावांत धुमाकूळ घातला. हजारो सर्ब माणसं उचलून तेव्हाच्या हंगेरीतल्या अराडच्या किल्ल्यात कोंडली, तिथे साथीच्या रोगांनी पटापट मेली. बोस्नियातच डोबोयला रेल्वे जंक्शनजवळ डिसेंबर १९१५ मध्ये कॅम्प उघडला, बायका-मुलांसकट लोक आत. बान्या लुकात देशद्रोहाचा खटला चालला, १५६ आरोपी, १६ जणांना फाशीची शिक्षा (ती नंतर अंमलात आली नाही, पण शिक्षा सुनावलीच). बान्या लुका म्हणजे तेच शहर ज्याच्या नावावर दोन नंबर रेजिमेंट! खटल्याचा निकाल एप्रिल १९१६ मध्ये आणि मेलेत्ता जूनमध्ये. त्या कड्यावर चढणाऱ्यांपैकी किती जणांचे काका, मामा, मास्तर त्या खटल्यात नाहीतर कॅम्पात असतील याचा विचार केला की ती ४२ मेडलं वेगळी दिसायला लागतात. निष्ठा म्हणून चढले का, शेजारच्या मित्रासाठी चढले, का मागे हटलं तर कोर्टमार्शल म्हणून चढले, कोण सांगणार. मला वाटतं तिन्ही असेल.

१९१८ मध्ये बादशाही गेली आणि नवीन युगोस्लाव्ह राज्यात हे सगळे शिपाई एका रात्रीत हरलेल्या बाजूचे झाले. सर्बियाकडून सलोनिका आघाडीवर लढलेल्या स्वयंसेवकांना जमिनी मिळाल्या, मान मिळाला, आणि बादशहाच्या मेडलवाल्यांनी ती मेडलं पेटीत ठेवली असणार, दुसरं काय करणार. त्यांची आठवण जपली गेली ती ऑस्ट्रियात, घरी नाही, आणि ऑस्ट्रियाने अर्थातच आपल्याला हवी तेवढीच जपली. निळा कोट, लाल फेज, मार्च, मेलेत्ता. १८७८ च्या खिडक्यांतला गोळीबार नाही, १८८२ नाही, डोबोय तर नाहीच नाही.

आणि हा नुसता इतिहासाचा किस पाडणं नाहीये हे सांगायला शेवटचा मुद्दा. १९४३ मध्ये नाझींच्या एसएसचा प्रमुख हिमलरने बोस्नियातल्या मुसलमानांची एक वाफेन-एसएस, म्हणजे एसएसच्या लढाऊ फौजेची, डिव्हिजन काढली, नंतर ती 'हांजार' म्हणून ओळखली गेली. कल्पना कुठून आली? थेट त्या जुन्या रेजिमेंट्सच्या कथेतून. बादशहाचे ते निडर बोस्नियन, तसेच आपल्याला हवेत, म्हणून पुन्हा फेज आली, यावेळी एसएसची कवटी लावलेली, पुन्हा इमाम आले, पुन्हा डुकराशिवायचं जेवण, जेरुसलेमचा मुफ्ती अमीन अल-हुसैनी येऊन पाहणी करून गेला. हिमलरने तीच चौकट वाचली होती म्हणा ना, जन्मजात लढवय्ये, धन्याशी एकनिष्ठ. ट्रेनिंगला फ्रान्समध्ये नेलं, आणि १७ सप्टेंबर १९४३ ला विल्फ्रांश-द-रुएर्ग गावात इंजिनियर बटालियनमधल्या पोरांनी बंड करून आपल्याच जर्मन अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. बंड चिरडलं, पुष्कळांना ठार केलं, गावकऱ्यांनी काहींना लपवलं. बाकीची डिव्हिजन बोस्नियात परत आणली, तिथे १९४४ मध्ये तिने सर्ब नागरिकांवर जे अत्याचार केले ते भयंकर आहेत आणि ते झाकण्याचं काही कारण नाही, आणि त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी तीच डिव्हिजन हजारोंनी पळून गेली, कुणी घरी, कुणी टिटोच्या कम्युनिस्ट पार्टिझनांकडे. हेही लक्षात ठेवायचं की १९४१ मध्येच सारायेव्हो, बान्या लुका, मोस्तार अशा शहरांतल्या मुसलमान प्रतिष्ठितांनी सर्ब आणि ज्यूंवरच्या उस्ताशांच्या, म्हणजे नाझींच्या साथीने राज्य करणाऱ्या क्रोएट फॅसिस्टांच्या, अत्याचारांविरुद्ध सही करून जाहीर ठराव काढले होते, जेव्हा तशी सही करणं म्हणजे जिवाशी खेळ होता. शौर्याची यादी करायचीच असेल तर माझ्या मते त्या सह्या मेलेत्ताच्या वर जातात, पण त्यांच्यावर कुणी मार्च बांधला नाही.

म्हणून विनंती एवढीच, की लेखमालेत अजून भाग शिल्लक असतील तर एक भाग अराड आणि डोबोयवर करा, मला तरी यावर मराठीत काही वाचायला मिळालेलं नाही, आणि जमलं तर त्या लष्करी इमामांवरही लिहा, ऑस्ट्रियन युनिफॉर्म घालून आल्प्समध्ये जनाजाची नमाज पढवणारी ती माणसं हा स्वतंत्र विषय आहे. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापून छापलंत तरी चालेल, फक्त १८८२ चा परिच्छेद ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक